हाय तसंच हाय

उंब्रजच्या एका बाईंचं लग्न ब्लाऊजवाचून अडलं होतं, आणि त्या बाई स्वतः टेलर होत्या. वय छप्पन्न. नवरदेव एकसष्ट वर्षांचे, फलटणचे. साडी येऊन पडली होती, साताऱ्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात अर्ज गेला होता, तारीख बारा दिवसांवर आली होती. आणि पंचवीस वर्षं गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज बेतणाऱ्या या बाईंना स्वतःच्या ब्लाऊजच्या कापडाला कात्री लावायचा धीर होत नव्हता. "बाई, तुमी शिकल्यासवरल्या हाईसा. त्यास्नी फोन करून सांगा, जमत न्हाई म्हणून," असं त्या मला म्हणाल्या तेव्हा मी आधी हसले. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. पण त्या दिवसाचं सांगायचं तर आधी आक्कांचं सांगायला हवं.

सगळं गाव या टेलरबाईंना आक्का म्हणायचं. हायवे सोडून गावात शिरलं की एसटी स्टँडच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. पत्र्याचं शटर, वर 'लेडीज टेलर, फॉल-पिको' एवढीच पाटी, आत एक मशीन, एक कापायचं टेबल, एक स्टूल आणि छताच्या खाली आडवी बांधलेली तार. शिवून झालेले ब्लाऊज त्या तारेवर टांगलेले असायचे. आम्हाला तिथून ब्लाऊज काढायला काठी लागायची, आक्का नुसता हात वर करून काढायच्या. दुकानात आरसा नव्हता. टेलरकडे आरसा नाही म्हणजे काय, म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आरसा घरी हाय न्हवं?" आक्का म्हणाल्या. "तिथं भांडा त्येच्याशी. हितं मला काम हाय."

मी गणिताची बाई. सांगलीहून बदली होऊन उंब्रजच्या हायस्कूलात आले तेव्हा सदतीस वर्षांची होते. नवरा सैन्यात, पंजाबात कुठेतरी. नव्या गावात बाईमाणसाला आधी दोन माणसं शोधावी लागतात, दूधवाला आणि टेलर. दूधवाला स्वतःच आला. टेलरकडे मी गेले, पिशवीत मापाचा ब्लाऊज घालून.

या मापाच्या ब्लाऊजविषयी जरा बोललंच पाहिजे. आपल्याकडे शिवायला टाकताना बाई शक्यतो अंगाचं माप देत नाही. चांगला बसणारा एक जुना ब्लाऊज नेऊन देते आणि म्हणते, ह्या मापाचा शिवा. हा ब्लाऊज मागच्या वर्षीचा कधीच नसतो. तो असतो लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला, म्हणजे ज्या काळातले आपण आपल्याला आवडतो त्या काळातला. माझाही तसाच होता, डाळिंबी रंगाचा. आक्कांनी तो दोन बोटांत धरून उचलला.

"ह्यो कुणाचा?"

"माझाच."

"तवाचा हाय ह्यो. मला आताची बाई पायजे. ती कुठं हाय?"

आताची बाई त्यांच्यासमोर उभी होती आणि पोट आत ओढून उभी होती. आक्कांनी गळ्यातली टेप काढली, माझ्याभोवती टाकली आणि थांबल्या. "श्वास सोडा," त्या म्हणाल्या. "श्वास धरून माप दिलं की लग्नकार्यात श्वास धरूनच बसाय लागतं. मग जेवायचं कसं?" मी श्वास सोडला. टेप जरा सरकली. आक्कांनी टेपेवरून अंगठा फिरवला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या, केसांच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून वहीत काहीतरी लिहिलं. मला दिसू नये म्हणून वही छातीशी धरून लिहिलं.

"किती आहे?" मी विचारलं. गणिताच्या बाईला आकडा कळल्याशिवाय चैन पडत नाही.

"व्हईल बरोबर," आक्का म्हणाल्या. तेवढंच.

मी वाकून टेप बघितली तर तिच्यावर आकडाच नव्हता. पुढे माझ्या लक्षात आलं की आक्कांच्या टेपेवरचे छत्तीसपासून चव्वेचाळीसपर्यंतचे आकडे त्यांच्या अंगठ्याने घासून पार पुसले गेले होते. अलीकडचे आणि पलीकडचे आकडे नवे कोरे. आमच्या भागातल्या बायकांचा अख्खा इतिहास त्या आठ इंचांत होता आणि तो एकट्या आक्कांना वाचता यायचा. ती टेप त्या दुकानाबाहेरही गळ्यातून काढायच्या नाहीत. हळदीकुंकवाला गळ्यात टेप, ग्रामसभेत टेप, मयताला गेल्या तरी टेप. हल्ली माझी पुन्हा सांगलीला बदली झाली आहे, आणि इथला माझा टेलर माप घेतो आणि ते मोबाईलमध्ये मोठ्याने बोलून साठवतो. दुकानातल्या सहा गिऱ्हाइकांना माझी कंबर पाठ आहे. मला दर वेळी आक्का आठवतात.

दुसऱ्या वर्षी मी गेले तेव्हा आक्कांनी पुन्हा माप घेतलं. दर वेळी नव्याने घ्यायच्या, मागच्या मापावर कधी शिवायच्या नाहीत. अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हाय तसंच हाय."

तिसऱ्या वर्षी, हाय तसंच हाय. सातव्या वर्षी, हाय तसंच हाय. ब्लाऊज दर वेळी अंगावर असा बसायचा की विचारायची सोय नाही. त्याच काळात बाजारातले तयार कुर्ते मला आधी एलचे लागायचे, मग एक्सेलचे, मग डबल एक्सेलचे. मी त्याचा अर्थ असा लावला की कंपन्या कापड वाचवायला साइज लहान करतायत. हे मी स्टाफरूममध्ये खात्रीने सांगितलं. पुरावा काय, तर माझ्या ब्लाऊजचं माप अकरा वर्षांत बदललेलं नाही. चित्रकलेच्या बाईंनी मान डोलावली, कारण त्यांचंही बदललेलं नव्हतं. त्याही आक्कांकडेच शिवायच्या.

हे बिंग फुटलं ते शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या वेळी. आक्का दोन महिने पुण्याला गेल्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. मला स्टेजवर निवेदन करायचं होतं आणि नवी काळी इरकल साडी नेसायची होती. कराडच्या एका टेलरकडे कापड टाकलं. त्याने मापाला ब्लाऊज मागितला, तेव्हा मी डोकं चालवलं. माप जर हाय तसंच आहे, तर पहिला ब्लाऊज बरोबर शेवटचा ब्लाऊज. मग चांगल्यातला का अडकवून ठेवायचा? मी आक्कांनी शिवलेला अगदी पहिला, विटलेला ब्लाऊज देऊन आले. समीकरणात काही चूक नव्हती.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी दुपारी नवा ब्लाऊज घालायला घेतला तर तो कोपराच्या वर चढेना. ओढून ताणून चढवला तर हुक आणि काजं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. घालायला दुसरा काळा ब्लाऊज नव्हता. शेवटी हुक उघडे ठेवून, पिना टोचून, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन मी स्टेजवर उभी राहिले. हात वर करता येत नव्हता. बक्षीस घ्यायला येणाऱ्या मुलांकडे मी हनुवटीने खूण करत होते. मुख्याध्यापक मागाहून म्हणाले, "बाई, आज अगदी शालीन दिसत होता."

घरी येऊन पहिला आणि शेवटचा ब्लाऊज पलंगावर एकावर एक ठेवले. चार बोटांचा फरक. अकरा वर्षं एक बाई मला दर दिवाळीला खोटं सांगत होती आणि मी, गणिताची बाई, ते खरं धरून चालले होते. अंगाचा तिळपापड झाला. आक्का पुण्याहून परत आल्याचं कळताच मी दोन्ही ब्लाऊज घेऊन दुकानात गेले आणि ते टेबलावर आपटले.

"खोटं का सांगितलंत?"

आक्कांनी ब्लाऊजकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमाला एकटीलाच सांगितलं व्हय? सरपंचीणबाईला सांगितलं, नर्सबाईला सांगितलं, तुमच्या चित्रकलावालीलाबी सांगितलं."

"पण का?"

"आवं बाई, खरं सांगितलं की बाया भात सोडत्यात. धा-पंधरा दिस सोडत्यात. तवर मी झंपर शिवल्याला आसतो. मग येत्यात, आक्का, सैल झाला, आत घ्या. आत घेतला की भात सुरू. मग येत्यात, आक्का, बाहीर सोडा. एका झंपराला तीनदा उसवायचं म्हंजे माझं डोळं जायाची पाळी. त्यापरीस हाय तसंच हाय. तुमीबी जेवा, मीबी जेवते."

मला वाटलं होतं काही गहन ऐकायला मिळेल. मिळालं ते एका शिवणाऱ्या बाईचं वेळापत्रक. मी चिडूनच घरी आले, पण त्या रात्री भात खाल्ला. पुढच्या दिवाळीला माप द्यायला गेले तेव्हा आक्का म्हणाल्या, "हाय तसंच हाय," आणि खोटं आहे हे पक्कं माहीत असूनही मला बरं वाटलं. याचं स्पष्टीकरण मला गणितात देता येत नाही.

आक्कांचं दुसरं एक तंत्र होतं, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दुकानात एकच टेबलफॅन होता आणि तो मशीनवर वाकलेल्या आक्कांच्या तोंडावर असायचा. समोरच्या स्टुलावर पंचेचाळीस-पन्नासची बाई बसलेली असली आणि बोलता बोलता तिला एकदम घाम फुटला, कानशिलं लाल झाली, की आक्का काही न विचारता पायाने पंखा तिच्याकडे वळवायच्या आणि शिवत राहायच्या. एकदा बँकेतली एक तरुण मुलगी कुरकुरली, "आक्का, मलाही गरम होतंय." आक्का म्हणाल्या, "तुला उकडतंय. तिच्या अंगात उन्हाळा घुसलाय. तुझा नंबर यायचाय, दम धर." चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या ब्लाऊजला त्या न सांगता अस्तर कमी लावायच्या आणि काखेत जरा ढिलाई द्यायच्या. माझ्या अंगात उन्हाळा घुसला तेव्हा मला ते कळलं. डॉक्टरीणबाईंनी मला एक चिठ्ठी लिहून दिली होती, पण आधी उपयोग झाला तो त्या काखेचा.

शिवायला मात्र त्या कशालाही नाही म्हणायच्या नाहीत. आरोग्य केंद्रातून रिटायर झालेल्या नर्सबाईंनी साठीच्या उंबरठ्यावर पाठ उघडी, नाडीचा आणि लटकनचा ब्लाऊज मागितला. दुकानातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आक्कांनी फक्त विचारलं, "लटकन दोन का चार?" नर्सबाई म्हणाल्या, चार.

आता आमच्या सुभेदारांचं. माझे यजमान सुभेदार म्हणून रिटायर होऊन घरी आले आणि घराची छावणी झाली. पहाटे पाचला चालायला जाणं, जेवणाची वेळ ठरलेली, आणि एक डिजिटल वजनकाटा. दर रविवारी माझं वजन ते कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी लिहायचे. स्वतःचं लिहायचे नाहीत. एकदा ते मला गाडीवरून आक्कांकडे सोडायला आले आणि शटरबाहेरून म्हणाले, "आक्का, हिचा जरा टाईट शिवा. म्हणजे जेवताना आठवण राहील."

दुकानात आम्ही चार बायका होतो. चौघीही आपापल्या पिशवीत बघायला लागलो. आक्का शांतपणे म्हणाल्या, "सुभेदार, जरा आत या की." सुभेदार आत आले. आक्कांनी गळ्यातली टेप काढून त्यांच्या पोटाभोवती टाकली, अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हाय तसंच हाय. मिलटरीचा कोट बसतो न्हवं अजून?"

"न बसायला काय झालं?" सुभेदार म्हणाले आणि गाडी घेऊन निघून गेले.

मी घरी पोचले तर आतल्या खोलीचं दार लावलेलं. आत लोखंडी ट्रंक उघडल्याचा आवाज, मग बराच वेळ नुसतं धापा टाकणं, आणि मग ट्रंकेच्या झाकणावर काहीतरी टण्‌कन आपटून घरंगळल्याचा आवाज. पितळेचं बटण होतं. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेटीत ठेवून कापड आटतं."

"आटतं," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी कॅलेंडरवर वजन लिहिलेलं नव्हतं. हा माणूस माझ्या वजनावर का तुटून पडला होता ते मला तेव्हा उमगलं. गणवेश गेला होता, हाताखालची माणसं गेली होती, आणि पोट तेवढं पुढे आलं होतं. मला त्यांचा राग उरला नाही. बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्यासाठी शिरा केला आणि दोघांनी मिळून तो संपवला.

मिस्त्री त्यानंतरचे. म्हणजे मिस्त्री पंधरा वर्षांपासून येत होते, पण माझं लक्ष उशिरा गेलं. ते फलटणचे, शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. खांद्याला कापडी पिशवी लावून एसटीने गावोगाव फिरायचे. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली, मुलगा नोकरीला बाहेर. उंचीला बेताचे, बोलायला त्याहून बेताचे. जमिनीवर मांडी घालून मशीन आडवी करायचे, तेल घालायचे, चहा प्यायचे आणि निघायचे. सुरुवातीला सहा महिन्यांतून एकदा यायचे. पुढे आक्कांची मशीन तीन महिन्यांनी बिघडायला लागली. मग दीड महिन्याने. मग तीन आठवड्यांनी. ही भूमिती श्रेढी होती आणि ती कुठे चालली आहे हे मी दहावीच्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवू शकले असते.

आणखी एक गोष्ट माझ्या कानाला खटकायची. सरपंच त्यांना आक्का म्हणायचे, एसटीचे कंडक्टर आक्का म्हणायचे, सत्तरीचा पोस्टमनसुद्धा आक्काच म्हणायचा. फक्त मिस्त्री म्हणायचे नाहीत. ते नुसतं "आवं" म्हणायचे आणि तेही मशीनकडे बघून.

आणि आक्का? मिस्त्री शटरशी दिसले की आक्का कापायच्या टेबलामागे जाऊन बसायच्या, पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घ्यायच्या आणि ते जाईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. तारेवरचा ब्लाऊज कुणी मागितला तरी "नंतर या" म्हणायच्या. चहा शेजारच्या हॉटेलातून यायचा. मला वाटायचं, मर्यादा म्हणून असेल.

लग्नाचं कसं निघालं ते आक्कांनीच सांगितलं. मिस्त्री तेल घालता घालता म्हणाले, "ही मशीन फलटणला असती तर रोज तेल घालता आलं आसतं."

आक्का म्हणाल्या, "मशीन कशी जाईल एकटी?"

यावर मिस्त्रींनी बराच वेळ एक स्क्रू पिळला, आणि म्हणाले, "मग तुमीबी या."

पुण्याची लेक तर खूश झाली. तिनेच धावपळ करून कागदपत्रं जमवली. मिस्त्रींनी अंजिरी रंगाची साडी आणली, तिच्यातच ब्लाऊजचं कापड. आक्कांचा नवरा ट्रकवर होता, तो जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. गावातही कुणी फार तोंड वाकडं केलं नाही, कारण बहुतेक घरांतल्या बायकांची मापं आक्कांकडे होती. सगळं जुळलं होतं. अन् मग त्या मला म्हणाल्या, फोन करून सांगा, जमत नाही म्हणून.

रविवारची दुपार होती. शटर अर्धं ओढलेलं. टेबलावर अंजिरी कापड घडीसुद्धा न मोडता पडलेलं. मी विचारलं, "नक्की अडलंय काय?"

आक्कांनी टेबलाच्या खणातून एक खाकी कागद काढला. ब्लाऊजचा नमुना होता, कडा फाटलेल्या, जागोजाग चिकटपट्टी लावलेली. "माझा झंपर ह्येच्यावरनं कापते," त्या म्हणाल्या. "त्यो गेला त्या वर्षीचा हाय."

मला कळायला वेळ लागला. गावातल्या कुणाही बाईचा मापाचा ब्लाऊज ग्राह्य न धरणारी ही बाई स्वतः वीस-बावीस वर्षं स्वतःच्या मापाच्या ब्लाऊजवर शिवत होती. त्यांनी पदर जरा बाजूला केला. खालचे दोन हुक उघडे होते. ते कधीच लागत नव्हते, तरी दर नव्या ब्लाऊजला त्या ते दोन हुक नेमाने शिवायच्या. उघडे हुक झाकायला दोन्ही खांद्यांवर पदर, आणि पदर सरकू नये म्हणून पाठीला कायमचा बाक. तो बाक मशीनवर वाकून आला आहे अशी माझी समजूत होती.

"पण का, आक्का?"

"त्येच्या मागारी कुणाला दाखवायचं हुतं?" त्या म्हणाल्या. मग कागदाची फाटकी कड सरळ करत म्हणाल्या, "बाई, त्यास्नी मी बसल्याली ठावं हाय. पंधरा वर्सांत म्या त्यांच्यापुढं एकदाबी उभी ऱ्हायले न्हाई. बसल्याली बाई निम्मी दिसती. त्यांनी निम्मी पसंत केलीया. साताऱ्यात हापिसात सायबापुढं उभी ऱ्हायले म्हंजे सगळी दिसंल."

मला हसू आलं नाही. स्टेजवर पिना टोचून उभी राहिलेली मी मला आठवले. मी म्हटलं, "उभ्या राहा. मी माप घेते."

"तुमाला येतंय का?"

"गणित शिकवते मी. मोजता येतं मला."

मी पर्समधून नवी टेप काढली. आक्का दोन पावलं मागे सरकल्या. "ती नगं. तिच्यावर आकडं हाईत." मग त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली. त्या टेपेला दुसऱ्या कुणाचा हात लागताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो माझा होता.

आक्का उभ्या राहिल्या. खांदे आवळलेले, पोट आत, तोंड गच्च मिटलेलं.

"श्वास सोडा," मी म्हणाले.

"सोडलाय."

"नाही सोडलेला. श्वास धरून माप दिलं की लग्नात श्वास धरून बसावं लागतं. मग जेवायचं कसं?"

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं आणि श्वास सोडला. मी छाती घेतली, कंबर घेतली, बाही घेतली, मुंढा घेतला. खांदा घ्यायला मला स्टुलावर चढावं लागलं. छाती-कंबरेचे आकडे पुसलेलेच होते आणि बाकीचे मला वाचायचे नव्हते, म्हणून प्रत्येक मापाला टेपेत एकेक टाचणी खोचत गेले. वीस-बावीस वर्षांत त्या अंगाला मापासाठी कुणाचा हात लागला नव्हता. त्या गुदगुल्या झाल्यासारख्या दोनदा दचकल्या, तिसऱ्यांदा दचकल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी ते बघितलं नाही असं दाखवलं आणि पायाने पंखा त्यांच्याकडे वळवला.

शेवटची टाचणी लावली तेव्हा त्यांनी विचारलं. ज्या बाईने कधी कुणाला आकडा सांगितला नव्हता, तिने विचारलं.

"किती हाय वो बाई?"

मी टेपेवरून अंगठा फिरवला. "हाय तसंच हाय."

पंखा फिरत होता. आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं दिस उंब्रजात मी एकलीच खोटारडी हुते." आणि टेप माझ्या हातातून घेतली. कुठली टाचणी कशाची, हे त्यांना विचारावं लागलं नाही. एकेका टाचणीवर अंगठा ठेवून त्यांनी सगळं वाचलं. तोंड जरासं वाकडं केलं. मग अंजिरी कापडाची घडी मोडली आणि कात्री हातात घेतली. मी शटर वर करून घरी गेले.

बारा दिवसांनी आमच्या चारचाकीतून आम्ही साताऱ्याला गेलो. सुभेदार साक्षीदार होते. त्यांनी तोच कोट घातला होता आणि पुन्हा शिवूनही न लागणाऱ्या बटणावर एक हात सतत ठेवला होता. आक्का कार्यालयात शिरल्या शिरल्या बाकावर जाऊन बसल्या, दोन्ही खांद्यांवर पदर घट्ट. मिस्त्री फलटणहून एसटीने आले, पांढरा सदरा, टोपी, नखांच्या कडांना तेल. ते समोरच्या बाकावर बसले. अर्धा तास दोघं जमिनीकडे बघत बसून होते आणि लेक माझ्याकडे बघत होती.

क्लार्कने नावं पुकारली. मिस्त्री उठले. आक्का उठेनात. क्लार्कने पुन्हा पुकारलं. आक्कांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता त्या उठून थेट दाराबाहेर जाणार.

"श्वास सोडा, आक्का," मी हळूच म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला, पदर सोडला, आणि उभ्या राहिल्या. ब्लाऊज असा बसला होता की झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे वाकायचं कारणही उरलं नव्हतं. पदर एका खांद्यावर, पाठ सरळ. मिस्त्रींची नजर जमिनीवरून निघाली ती वर जात जात राहिली. शेवटी त्यांना मान मागे करावी लागली.

"आवं," ते म्हणाले, "तुमी एवढ्या उंच हाय व्हय?"

या प्रश्नाची तयारी आक्कांनी केलेली नव्हती. "व्हय," त्या म्हणाल्या. "माझं काम बसून आसतं न्हवं."

मिस्त्रींनी नजर पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत आणली. पंधरा वर्षं त्या मशीनला तेल घालणारा माणूस मनातल्या मनात काहीतरी मोजत होता. मग म्हणाले, "मशीनचं स्टँड बसकं हाय तुमाला. चार बोटं वर घ्याय लागंल. इतकी वर्सं वाकूनच शिवत हुता का? मला सांगायचं की."

क्लार्कने रजिस्टर पुढे सरकवलं, बोट ठेवून जागा दाखवली आणि खुर्ची ओढली. "बसा आजी, बसून सही करा," तो म्हणाला.

आक्कांनी खुर्ची बाजूला सारली आणि उभ्यानेच सही केली.